भोपळा मोठा करायचा, पण कशासाठी? स्पर्धेचं फळ, तारप्याचं फळ आणि घरचं डांगर

जव्हार / मोखाडा : डांगर म्हणा, लाल भोपळा म्हणा, आपल्याकडे त्याचं शेत असं फारसं कोणी करत नाही. मिरगाच्या आधी उकिरड्याच्या कडेला किंवा कुडाच्या पायथ्याशी दोन-चार बिया टोचायच्या, पाऊस लागला की वेल आपला आपण छपरावर चढतो. नवरात्रात कधीतरी पानाआड लपलेलं एखादं मोठं फळ दिसतं आणि मग पाड्यावर चर्चा, अमक्याच्या घरावर केवढं डांगर लागलंय! गावठी बियाण्याचं फळ दहा-पंधरा किलोपर्यंत गेलं तरी ते बघायला लोक येतात.

जगात याच फळाची रीतसर स्पर्धा चालते आणि तिथले आकडे ऐकले तर हसू येईल. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या लिमिंग्टन इथले जुळे भाऊ स्टुअर्ट आणि इयन पेटन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२७८ किलोंहून जास्त वजनाचा भोपळा काट्यावर चढवला. त्याआधीचा विक्रम अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ट्रॅव्हिस गिंजर यांचा होता, २०२३ सालचा, १,२४७ किलोंचा. म्हणजे एकेक फळ सव्वा टनाच्या आसपास. म्हातारीला भोपळ्यात बसवून जंगलातून पार करणारी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कॅनडातल्या विंडसर गावात १९९९ मध्ये माणसांनी खरोखरच कोरलेल्या भोपळ्यात बसून तलावात वल्ही मारत शर्यत लावायला सुरुवात केली.

हा प्रकार जव्हार-मोखाड्यात करता येईल का, असं एखाद्या उत्साही पोराला वाटलं तर उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. त्या लोकांची पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांचं ध्येय मात्र आपल्या पाण्याला आणि आपल्या पोटाला परवडणारं नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर उपयोग होईल.

एवढा मोठा होतो कसा?

पहिली गोष्ट बियाणं. आपल्या परसातलं डांगर बहुतेक वेळा वेगळ्या जातकुळीचं असतं. शास्त्रीय भाषेत त्याला कुकुर्बिटा मोस्काटा म्हणतात. विक्रमी भोपळे कुकुर्बिटा मॅक्सिमा या कुळातले. त्यातलं 'अटलांटिक जायंट' नावाचं वाण विंडसरच्याच हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने निवडीतून तयार केलं. १९७९ पासून सलग चार वर्षं तो जागतिक स्पर्धा जिंकला. १९७९ चं त्याचं फळ होतं ४३८ पौंडांचं, म्हणजे जवळपास २०० किलो. तिथून सव्वा टनापर्यंतची मजल ४६ वर्षांत गाठली गेली, आणि त्यातला मोठा वाटा बियाण्याचा आहे. दरवर्षी सगळ्यात जड फळाचं बी राखायचं, त्याची आई कोण, बाप कोण हे लिहून ठेवायचं. गाईम्हशींची वंशावळ ठेवतात तशी तिथे भोपळ्याची ठेवतात. त्याआधीचा इतिहास पाहिला तर फरक कळतो. कॅनडाच्याच विल्यम वॉरनॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ४०० पौंडांचा भोपळा नेला होता, पुढे १९०४ मध्ये सेंट लुईसला ४०३ पौंडांचा. हा ४०३ पौंडांचा विक्रम १९७६ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ, कोणाला मोडता आला नाही.

दुसरी गोष्ट, एका वेलावर एकच फळ. आपल्याकडे वेलाला पाच-सहा डांगरं लागली तर आनंद होतो. स्पर्धेवाला मात्र एक ठेवून बाकी सगळी खुडतो. पण लागलेलं पहिलंच फळ तो ठेवत नाही. बुंध्याजवळचं फळ वाढताना वेलालाच रेटतं आणि देठ उपटून निघतो. बुंध्यापासून तीन ते सहा मीटर पुढे, मुख्य वेलावर धरलेलं फळ सगळ्यात चांगलं समजतात. दोन-तीन फळं कवठाएवढी होऊ द्यायची, रोज सुतळीने घेर मोजायचा, जे भराभर वाढतंय ते ठेवायचं, बाकीची भाजीला.

तिसरी गोष्ट आपल्या छपरावरच्या वेलाला जमत नाही, कारण ती जमिनीवरच होते. वेल पुढे सरकेल तसं प्रत्येक पेरावर माती चढवतात. पेरातून नवी मुळं फुटतात आणि वेल एका बुंध्याऐवजी पन्नास ठिकाणांहून अन्नपाणी ओढायला लागतो. आडवे फुटवे मुख्य वेलाला काटकोनात वळवून त्यांचीही पेरं पुरतात. फळाखाली वाळूचा थर किंवा फळी, वर सावलीला कापड. सावली एवढ्यासाठी, की उन्हाने साल लवकर कडक झाली तर आतला गर वाढताना ती फुटते. भर वाढीच्या दिवसांत असं फळ चोवीस तासांत पंधरा-वीस किलोने वाढतं.

हातावर परागीकरण : सगळ्यात कामाची युक्ती

बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली बोराएवढा इवलासा भोपळा असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली तर ठीक, नाही तर ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. आपल्याकडे श्रावणात संततधार असली की माश्या बाहेर पडत नाहीत. 'फुलं भरपूर पण फळ धरत नाही' ही तक्रार त्याच दिवसांतली.

आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी ओळखता येते, टोकाला पिवळी झालेली असते. एक मादी कळी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने हलक्या बांधून ठेवायच्या. सकाळी सहा-सातच्या सुमारास नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या आतल्या गाठीवर सगळीकडून हळू फिरवायचा. मग मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. पावसाची चिन्हं असतील तर वरून पळसाच्या पानाचा द्रोण उपडा घालावा. देठाला रंगीत चिंधी बांधून तारीख लिहून ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे. यातून फळ धरतं, आणि बी कोणत्या बापाचं हेही पक्कं कळतं. या दुसऱ्या फायद्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

पाण्याचा हिशेब

भर वाढीतल्या स्पर्धेच्या वेलाला दिवसाला तीनशे-चारशे लिटर पाणी घालणारे शेतकरी आहेत. म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम, एका वेलाला, रोज. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरचं माप धरलंय. त्या मापाने हे सात माणसांचं पाणी झालं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे मार्च-एप्रिलमध्ये भोपळ्याला दोन ड्रम ओता असं कोणी सांगू नये.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. जव्हारला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सपाट जमिनीवर पसरलेला वेल जुलैमध्ये कुजतो, फळ चिखलात बसलं की खालून सडतं. पानांवर केवडा येतो, पाऊस ओसरल्यावर भुरी येते, आणि कोवळ्या फळात फळमाशी अंडी घालते ती वेगळीच. आपल्या आज्यांनी वेल छपरावर चढवला तो उगीच नाही. वर वारा लागतो, पाणी निथळतं, शेळीचं तोंड पोचत नाही.

तरीही हौस असेल तर वेळ बदलावी. मिरगाला टोचण्याऐवजी जुलैच्या मध्यावर, उताराच्या जागी हातभर उंच मातीचा ढीग करून त्यावर बी लावावं. ढिगात कुजलेलं शेणखत, लेंडी, थोडी चुलीतली राख. म्हणजे फळ धरायची वेळ सप्टेंबरात येते, पावसाचा जोर कमी झालेला असतो, आणि पुढचे दोन महिने जमिनीतली ओल पुरते. वर थोडा झारीने हात दिला तर बास. ज्यांची विहीर फेब्रुवारीपर्यंत टिकते त्यांनी दिवाळीनंतर लावून बघायला हरकत नाही, थंडीत रोग कमी असतात. फक्त ओढ देऊन एकदम पाणी सोडू नये, फळ तडकतं. ऑक्टोबरात आठ दिवस कडक ऊन आणि मग एक मोठी सर, असं झालं की चांगली वाढलेली डांगरं रातोरात भेगाळतात, ती याच कारणाने.

फळमाशीसाठी क्यू-ल्युरचे सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. कोवळं फळ मुठीएवढं होईपर्यंत कागदाच्या किंवा जुन्या साडीच्या पिशवीत ठेवलं तरी बरंच वाचतं. रानडुकरांवर मात्र काटेरी कुंपण आणि जागणं यापलीकडे स्वस्त उपाय नाही.

सव्वा टनाच्या भोपळ्याचं पुढे काय होतं?

काही खास नाही. वजनासाठी वाढवलेलं फळ पाणचट असतं, गर फिका आणि चव बेताची. ते कोरून शोभेला ठेवतात, जनावरांना घालतात किंवा खतात टाकतात. बी तेवढं मोलाचं.

आपल्या भागात हे पचनी पडणार नाही आणि पडूही नये. कुपोषणासाठी ज्या तालुक्यांची नावं वारंवार वर्तमानपत्रांत आली, तिथे गर्द केशरी गराचं डांगर हे 'अ' जीवनसत्त्वाचं घरचं कोठार आहे. पानं-फुलं भाजीला, बिया भाजून खायला. पिकलेलं, देठासकट काढलेलं फळ शिंक्यात किंवा माळ्यावर ठेवलं तर काही महिने टिकतं. कापणी झाली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे किंवा वीटभट्टीवर कामाला जातो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना माघ-फाल्गुनात बाजाराची भाजी परवडत नाही, तेव्हा हेच फळ कापलं जातं. म्हणून घरच्या डांगरात मोठेपणापेक्षा टिकणं बघावं. घट्ट साल, गर्द गर, पाच-सात किलोचं वजन. वीस किलोचं फळ एकदा कापलं की चार दिवसांत संपवावं लागतं, फ्रीज थोडाच आहे सगळ्यांकडे.

भोपळ्याची दुसरी मोजमापं : मिरजेचा आणि तारप्याचा

मोठा भोपळा मुद्दाम वाढवण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असं मात्र नाही. फक्त तो काट्यावर चढत नाही, गातो. मिरजेला सतार आणि तानपुरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून. तिथले शेतकरी हा कडू भोपळा पिकवतात. यात किलो कोणी विचारत नाही. घेर किती इंच, साल किती जाड, आकार किती गोल, यावर भाव. फळ वेलावरच पूर्ण पिकवून मग महिनोन्‌महिने वाळवतात. आतला गर गेला, नुसतं कवच राहिलं, की ते कारागिराच्या हातात जातं.

आपल्याकडे हेच स्थान तारप्याच्या भोपळ्याला. तारप्याचा वरचा फुगीर भाग म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. वादक त्यात फुंकर घालतो, हवा तिथे साठते आणि खालच्या दोन बांबूच्या नळ्यांतून जिभाळ्या वाजवत पुढे ताडाच्या पानांच्या कर्ण्यात जाते. सांधे मेणाने बुजवतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तारपा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. त्यातला भोपळा कोणाच्या वेलावर पिकला असेल याचा विचार किती जणांनी केला कोण जाणे.

हा भोपळा बाजारात भाजीच्या ढिगात मिळत नाही. भाजीचा दुधी कोवळा खुडतात. शिवाय अलीकडे जी संकरित बियाणी मिळतात त्यांची फळं आखूड, सरळ आणि पातळ सालीची. वाळवली तर सुरकुतून जातात. तारप्याला लागतो मान असलेला, पोट फुगलेला, जाड सालीचा जुना गावठी भोपळा. तो मांडवावर लोंबता ठेवावा म्हणजे आकार नीट येतो, जमिनीवर टेकला की एका बाजूने चपटा होतो. वेलावर दोन-तीनच फळं ठेवावीत. देठ सुकेपर्यंत, नखाने ओरखडा उठणार नाही इतकी साल कठीण होईपर्यंत तोडू नये. तोडताना देठ ठेवावा. मग सावलीत, हवेशीर जागी टांगावा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की वाळला. वाळताना वरून बुरशीचे डाग पडतात, घाबरायचं कारण नाही, घासले की जातात. मऊ पडून पाणी सुटलं तरच फेकावा.

कडूपणाचा धोका

तारप्याचा किंवा वाद्याचा भोपळा कडू जातीचा असेल आणि शेजारीच भाजीचा दुधी असेल तर माश्या दोघांचा पराग इकडून तिकडे नेतात. त्या वर्षीचं भाजीचं फळ कडू होत नाही. पण त्याचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर वेल कडू निघू शकतो. कडू दुधी खाणं ही साधी गोष्ट नाही. त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या-जुलाब होतात, रक्त पडतं, माणसं दगावल्याच्या घटनाही देशात घडल्यात. दुधी चिरला की एक फोड जिभेवर टेकवून बघायची, कडू लागली तर सगळा टाकून द्यायचा. ही जुनी सवय सोडू नका. शिजवल्याने कडूपणा जात नाही.

डांगराशेजारी दुधी लावला तर दुधी बिघडतो असं काही जण म्हणतात, ते मात्र खरं नाही. या दोघांचा संकर होत नाही. दुधीचा दुधीशीच होतो.

उपाय वर सांगितलेलाच. ज्या फळाचं बी राखायचं त्याचं फूल उमलण्याआधीच बांधायचं, आपल्याच वेलाच्या नर फुलाने परागीकरण करायचं, पुन्हा बांधायचं, चिंधी लावायची. परदेशातला शेतकरी जी युक्ती विक्रमासाठी वापरतो, तीच इथे गावठी बियाणं शुद्ध राखायला कामी येते. भात, नागली, वरईच्या जुन्या वाणांचं जतन बायफ संस्थेने जव्हारच्या शेतकऱ्यांबरोबर केलंय. वेलवर्गीय भाज्यांचं जतन अवघड जातं ते या माश्यांच्या फेऱ्यांमुळेच. भात स्वतःचं स्वतः फळतो, भोपळा तसा नाही.

गावात स्पर्धा घ्यायची तर

कृषी विभागाची राज्यभर पीक स्पर्धा असते. खरिपाच्या यादीत भात आणि नाचणी आहे, भोपळा नाही. त्यात आदिवासी गटाला प्रवेश शुल्क १५० रुपये, तालुका पातळीवर पहिलं बक्षीस ५ हजार, जिल्ह्याला १० हजार, राज्याला ५० हजार. अटी दरवर्षी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात. अडचण अशी की एकरभर सलग पीक दाखवायचं तर मोखाड्याच्या उतारावर तुकड्या-तुकड्याने नागली करणारा बाहेरच राहतो. भोपळ्याला जमीन लागत नाही. भूमिहीनाच्या झोपडीवरही वेल चढतो. म्हणून शाळेने, महिला बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने स्वतःची स्पर्धा घ्यायला हे फळ सोयीचं आहे.

घ्यायचीच तर बी एकाच फळाचं सगळ्यांना वाटावं, नाही तर बियाण्याची स्पर्धा होते, मेहनतीची नाही. फळ धरल्यावर गुरुजींनी किंवा पोलीस पाटलांनी येऊन देठाला खूण बांधावी, म्हणजे बाजारातून आणलेलं फळ आयत्या वेळी पुढे येणार नाही. मोठ्या स्पर्धांत भेग आतपर्यंत गेलेलं किंवा सडलेलं फळ बाद धरतात. तो नियम इथेही ठेवावा. वजनाला आदिवासी विकास महामंडळाच्या भात खरेदी केंद्रावरचा काटा विनंती करून वापरता येईल. तोही नसेल तर सुतळीनेच काम होतं. परदेशात फळ शेतात असतानाच तीन मापं घेतात, सभोवतालचा घेर, डावीकडून उजवीकडे वरून आणि पुढून मागे वरून. तिन्हींची बेरीज करून तक्त्यात वजनाचा अंदाज काढतात. आपल्याला तक्ता नको, ज्याची बेरीज जास्त तो पहिला.

एक बक्षीस मात्र दसऱ्याला न देता होळीला ठेवावं, जास्तीत जास्त टिकलेल्या फळाला. त्या दिवशी सगळ्यांची राखलेली डांगरं शाळेत आणून सर्वांसमोर कापावीत. सडलेलं बाद, मग गराचा रंग बघावा, मग चव. भाजी तिथेच रांधावी. बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात, राखेत घोळवून सुकलेल्या दुधीच्या कवचात भराव्यात, तोंडाला बूच मारावं. वर फळाचं वजन, कोणत्या पाड्यावरचं आणि परागीकरणाची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी, म्हणजे मिरगाला बी वाटताना वाद होत नाही.